पावणेतीनचा फोन

दुपारी पावणेतीनला त्याने स्वतःच्याच ऑफिसला फोन लावला आणि पलीकडच्या माणसाने त्याला लाईनवर थांबायला सांगितलं. घडलं ते एवढंच. पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात बसून गेली सव्वीस वर्षं तो लोकांना हेच सांगत आला होता, पण त्याला स्वतःला तिथे कुणी कधी थांबवलं नव्हतं. रजा कळवायची तर तो साहेबांच्या खोलीतला नंबर लावायचा. आज तो कुणी उचलला नाही, म्हणून त्याने सगळ्या शहराला पाठ असलेला नंबर लावला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने घेतला. या सहकाऱ्याला कक्षात सगळे सावकाश म्हणत, कारण समोरचा कितीही तापलेला असला तरी त्याचं पहिलं वाक्य 'सावकाश सांगा' हेच असायचं. आजही त्याने तेच म्हटलं, आणि हा नाव सांगायच्या आत 'लाईनवर राहा' म्हणून मोकळा झाला. खट् असा आवाज आला. मग कुणीतरी क्लॅरिनेट वाजवायला लागलं.

त्याला आधी वाटलं, लाईन कुठल्या तरी रेडिओला भिडली. मग लक्षात आलं की हेच ते. थांबवलेल्या माणसाला काहीतरी संगीत ऐकू येतं हे त्याला माहीत होतं, जसं गच्चीवरच्या टाकीत पाणी असतं हे माहीत असतं. वर जाऊन कुणी बघत नाही. बटण दाबणाऱ्याला ते ऐकू येतच नाही. त्याच्या टेबलावरच्या यंत्रात एक करडं बटण होतं आणि त्यावरची अक्षरं त्याच्याच बोटाने पुसली गेली होती. ते दाबलं की कानातला माणूस नाहीसा व्हायचा आणि शांतता पसरायची. त्या शांततेत तो दुसरी लाईन घ्यायचा, चहाचा घोट घ्यायचा, अभियंत्याला विचारायचा की अमुक रस्त्यावरचा व्हॉल्व्ह उघडला का. बटण पुन्हा दाबलं की माणूस परत यायचा, आणि तो मघापेक्षा निवळलेला असायचा. याचं श्रेय तो आजवर स्वतःकडे घेत आला होता. नव्याने रुजू होणाऱ्यांना तो शिकवायचा: आधी पूर्ण ऐकून घ्या, मग थांबवा, परत आलात की आडनावाने हाक मारा, माणूस विरघळतो. आता पलंगावर उशीला टेकून, फोन कानाशी धरून तो ऐकत होता, आणि माणसं आपल्यामुळे विरघळत नव्हती हे त्याला हळूहळू कळत होतं. आश्चर्य म्हणजे त्याला वाईट वाटलं नाही. उलट हसूच आलं, आणि हसू आलं म्हणून खोकला आला.

सूर पातळ होता. तारेतून येताना त्याची जाडी कुठेतरी गळून गेली होती. चाल अगदी साधी, चारपाच सुरांच्या आसपास घोटाळणारी, कुणी कपडे वाळत घालताना गुणगुणावी तशी. एक ओळ वर जाऊन थांबायची, आणि तिथे वाजवणाऱ्याने श्वास घेतलेला स्पष्ट ऐकू यायचा. जरा घाईचा, नाकातून घेतलेला, ध्वनिमुद्रणात राहून गेलेला श्वास. हा श्वास त्याने दोनदा ऐकला आणि तिसऱ्यांदा त्याची वाट पाहिली. गेला पंधरवडा त्याने स्वतःच्या श्वासाखेरीज दुसरं काही नीट ऐकलंच नव्हतं. फुप्फुसाचा क्षय, डॉक्टर म्हणाले होते; गोळ्या नियमाने घ्या, बरं होतं, पण थुंकीची तपासणी स्वच्छ येईपर्यंत वेगळी खोली आणि खिडक्या सताड उघड्या. तेव्हापासून तो आतल्या खोलीत होता. बायको मास्क लावून दाराबाहेरच्या स्टुलावर ताट ठेवायची, चार पावलं मागे सरकायची, मग तो दार उघडून ताट आत घ्यायचा. प्राणिसंग्रहालयात असंच करतात, असं तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. तिथे तिकीट असतं, असं ती म्हणाली होती. त्यानंतर दोघांच्या बोलण्यात विशेष भर पडली नव्हती. रात्री छातीत बारीक शीळ घालत हवा आतबाहेर करायची आणि तो ती मोजत पडायचा. हा दुसऱ्या कुणाचा श्वास होता. पाहुण्यासारखा खोलीत आला होता आणि त्याला मोजावंसं वाटत नव्हतं.

तीन मिनिटांनी लाईन आपोआप तुटली. हा नियम अलीकडचा. लोकांना अर्धा अर्धा तास ताटकळत ठेवतात अशी ओरड झाली, तेव्हा वरिष्ठांनी यंत्रातच सोय करून टाकली: तीन मिनिटांत कुणी परत आलं नाही तर फोन बंद. म्हणजे ताटकळणं मिटलं. त्याने रजेचं तसंच ठेवलं आणि पुन्हा तोच नंबर लावला.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनलाच लावला. तक्रारींची झड तेव्हा लागते. दुपारचं पाणी आलं नाही हे तोवर सगळ्यांना कळलेलं असतं. चौथ्या का पाचव्या दिवशी सावकाशने आवाज ओळखला. आधी त्याला वाटलं, हा आजारी माणूस घरी बसून आपल्या कामाची तपासणी करतोय. खरं कारण कळल्यावर तो म्हणाला की त्यालाही ठाऊक नाही तिथे काय वाजतं, पण हरकत नाही. तेव्हापासून तो फोन उचलून फक्त 'घ्या औषध' म्हणायचा आणि बटण दाबायचा. डॉक्टरांनी श्वासाच्या व्यायामासाठी प्लॅस्टिकचं एक खेळणं दिलं होतं, त्यात तीन चेंडू असतात, नळीतून हवा ओढली की ते वर चढतात. पहिले काही दिवस एक चेंडू कसाबसा उडी मारायचा आणि त्याला लहान पोराला रागावल्यासारखा त्या चेंडूचा राग यायचा. आता तो नळी बाजूला ठेवून क्लॅरिनेटबरोबर श्वास घेऊ लागला. वाजवणारा घेईल तिथे घ्यायचा, तो सोडील तितका वेळ सोडायचा. पहिली ओळ झेपायची, दुसरीच्या मध्यावर दम संपायचा. पण संपला तरी पलीकडे कुणाचा तरी चालू असायचा, त्यामुळे घाबरायला होत नव्हतं. परगावी नोकरी करणाऱ्या मुलीने हे ऐकलं आणि काळजीने एक अॅप पाठवून दिलं, ज्यात हजारो गाणी होती. बाबा, तक्रार कक्षाची धून कसली ऐकता, असं तिचं म्हणणं. त्याने प्रामाणिकपणे ऐकून पाहिलं. उत्तम गाणी होती, पण प्रत्येकाला त्याच्याकडून काहीतरी हवं होतं. कुणाला त्याने रडायला हवं होतं, कुणाला नाचायला. हे क्लॅरिनेट काही मागत नव्हतं. ते वाजवलंच होतं अशा माणसासाठी, ज्याला खरं तर दुसऱ्याच कुणाशी बोलायचं आहे.

एका दुपारी हात दुखायला लागला म्हणून त्याने फोन छातीवर ठेवून स्पीकर लावला. खोलीभर सूर पसरला, अधिकच पत्र्यासारखा. पहिली ओळ, श्वास, दुसरी ओळ. तेवढ्यात दाराबाहेर कप ठेवल्याचा आवाज आला आणि त्याच्या लक्षात आलं की आणखी कुणीतरी गुणगुणतंय, आणि तेही क्लॅरिनेटच्या अर्धा सूर पुढे, जसं पाठ असलेलं माणूस नकळत घाई करतं तसं. लाईन तुटली. बाहेरचं गुणगुणणं मात्र थांबलं नाही. ते सरळ पुढे गेलं, त्याने कधी न ऐकलेल्या जागी, खाली उतरून एका लांब, न तुटणाऱ्या ओळीत शिरलं, तिथे अडखळलं आणि थांबलं.

"पुढचा भाग लागत नाही का हो आता?" बायकोने दारापलीकडून विचारलं.

"कुठला पुढचा?"

"ज्यात तो दमच घेत नाही. मला वाटायचं, आता मरतो की काय."

तिला हे कसं माहीत, असं त्याने विचारलं.

"तुम्हीच तर ऐकवलंत," ती म्हणाली. "रोज."

ती गेली. स्टुलावरचा चहा त्याने बराच वेळ आत घेतला नाही. 'रोज' हा शब्द तिने कुठलाही भार न देता म्हटला होता, आणि म्हणूनच तो जड होता. त्याला पावणेतीनचे ते फोन आठवले. मुलगी तान्ही होती तेव्हाचे. याच खोलीत, याच पलंगावर त्याची आई अर्धांगाने पडून होती, आणि काही हवं असलं की चमच्याने वाटी वाजवायची. तो सकाळी जायचा तो दिवेलागणीनंतर यायचा. दुपारी ऐन गर्दीच्या वेळी कक्षातला फोन वाजायचा आणि सावकाश, तेव्हा तोही नवखाच, घड्याळाकडे न बघता म्हणायचा, वहिनींचा असणार. हसण्यावारी न्यायचे सगळे. ती काहीतरी बिनमहत्त्वाचं विचारायची, दूध किती घ्यायचं, धोब्याकडून निळा सदरा आला का. तिन्ही लाईनींचे दिवे लुकलुकत असायचे, तो 'थांब जरा' म्हणून करडं बटण दाबायचा आणि ती शांततेत नाहीशी व्हायची. मग कुठे नळ फुटलेला, कुठे टँकर पोचलेला नाही. परत तिच्या लाईनवर येईपर्यंत कधी दहा मिनिटं, कधी वीस, आणि पलीकडे फोन ठेवलेला. दर वेळी ठेवलेला. त्या वीस मिनिटांचं आपण काही देणं लागतो असं त्याला वाटायचं, आणि म्हणून संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून तो बिस्किटांचा पुडा घ्यायचा. भांडण होईल अशी तयारी करून जिना चढायचा. पण ती दार उघडायची ती चांगल्या मनःस्थितीत. मुलीला खांद्यावर थोपटत काहीतरी गुणगुणत असायची. तो चांगुलपणा त्याला भांडणाहून अवघड वाटायचा. चिडलेलं माणूस चिडत नाही म्हणजे कुठेतरी साठवत असणार, अशी त्याची समजूत. पाण्याच्या खात्यातल्या माणसाला साठवणीची भीती असते. पुढे मोबाईल आले, आई गेली, मुलगी मोठी झाली, फोन बंद झाले, आणि तो साठा कुठे गेला हे त्याने कधी विचारलं नाही. आता छतावरच्या ओलीच्या जुन्या डागाकडे बघताना त्याला वाटलं की आई हाच डाग बघत असणार, आणि बायको आईचं अंथरूण बदलताना मान वर करून हाच. तिला या घरात कुणी डॉक्टरच्या कागदाने कोंडलं नव्हतं. तिला तपासणी नव्हती, त्यामुळे सुटकाही नव्हती. आणि तिने बाहेरच्या जगाशी बोलायला फोन उचलला की तिचा नवरा तिला थांबवत होता. त्या रात्री छातीतली शीळ पुन्हा मोठी झाली.

दुसऱ्या दिवशी ताट ठेवून ती मागे सरकली तेव्हा त्याने दार उघडलं, पण ताट उचललं नाही. तक्रार घेताना करतो तसा त्याने आवाज सपाट ठेवला.

"तू तेव्हा चिडून फोन ठेवायचीस."

"कधी?"

"मुलगी लहान होती तेव्हा. मी परत येईपर्यंत तू ठेवलेला असायचा."

तिने मास्क नीट केला. डोळ्यांवरून दिसत होतं, तिला खरंच आठवत नव्हतं. मग आठवलं. "संपायचं ना ते," ती म्हणाली. "दुसरा भाग संपला की परत पहिल्यापासून लागायचं. मग ठेवायचे. तोवर आईंना नाहीतर मुलीला जाग यायचीच."

"आणि मी परत येऊन बोलणार होतो त्याचं काय?"

"तुमच्याशी बोलायला मी करतच नव्हते फोन."

तिने समजावून सांगितलं, जसं एखाद्या नवीन माणसाला घरातला नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते सांगावं. पहिल्यांदा खरंच काहीतरी काम होतं. त्याने थांबवलं आणि हे वाजायला लागलं. आई झोपलेल्या, मुलगी झोपलेली, आणि हातात फोन असला की बसावंच लागतं. तारेला बांधलेलं माणूस कुठे जाणार. दिवसभरात तेवढंच बसणं. कुणी काही मागत नव्हतं, वाटी वाजत नव्हती. मग दुसऱ्या दिवशीही वाटलं की बसावं. पण काही न विचारता कसं थांबवणार, म्हणून विचारायचं काहीतरी. दूध तर दारात यायचं, ती म्हणाली. आणि निळा सदरा त्याच्या अंगावरच असायचा की.

"एकदा तुम्ही थांबवलंच नाहीत," ती म्हणाली. "म्हणालात, बोल, आज लाईन मोकळी आहे. मला काही सुचेना. ठेवून दिला."

तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. तिच्या रागाचा तो कळस, असं त्याने मनात नोंदवलं होतं. त्या संध्याकाळी त्याने बिस्किटांचे दोन पुडे आणले होते.

"मग ती बिस्किटं?" त्याने विचारलं.

"हो, ती का आणायचात एवढी?"

"तुला आवडतात म्हणून."

"मला कुठे आवडतात. आईंना द्यायचे चहात बुडवून."

ताट निवलं होतं. दोघंही हसली नाहीत, निदान त्याला तिचं हसू मास्कमुळे दिसलं नाही. पण ती लगेच गेली नाही. स्वयंपाकघरातून दुसरं स्टूल आणून चार पावलांवर ठेवलं आणि त्यावर बसली. तो जेवेपर्यंत बसली. त्याला वाटलं की हा पलंग, ही खिडकी, हा डाग यांत आपण एकटेच अडकलो आहोत हे काही खरं नाही. इथे आपल्या आधी कुणीतरी राहून गेलंय आणि जाताना एक सोयीची वस्तू ठेवून गेलंय. पुढचे दिवस तसेच गेले. पावणेतीनला फोन लागायचा, सावकाश 'घ्या औषध' म्हणायचा, स्पीकर लागायचा, आणि ती दाराबाहेर येऊन बसायची. पहिला भाग दोघं ऐकायची. तीन मिनिटांनी लाईन तुटली की दुसरा भाग ती गुणगुणायची. ती लांब ओळ तो बिनश्वासाची काढायला बघायचा, अर्ध्यात खोकायचा, आणि ती न थांबता पुढे जायची, मागून येणाऱ्यासाठी दार उघडं ठेवून गेल्यासारखी. कधी कधी औषधाने तोंड कडू झालेलं असताना, उघड्या खिडकीतून गार वारा येत असताना, त्याला स्वतःच्या सुखाची लाज वाटायची. बाहेर माणसं कामावर होती.

मग सावकाशने सांगितलं की येत्या शनिवारी ऑफिसातलं जुनं टेलिफोन एक्स्चेंज काढणार. नवीन यंत्र आलंय, सगळं संगणकावर. जुन्यातलं संगीत नव्यात जाईल का, याने विचारलं. सावकाशला कल्पना नव्हती. त्याने देखभालीच्या मेकॅनिकला विचारलं, तर मेकॅनिक म्हणाला की साहेब, नव्यात बाई बोलते. तेव्हा याला पहिल्यांदा घाई झाली. दुसरा भाग त्याने अजून ऐकला नव्हता. तिच्या तोंडून ऐकला होता, पण वाजवणाऱ्याच्या तोंडून नाही, आणि त्या माणसाचा दम खरोखर इतका पुरतो का, हे जाणून घेणं त्याला तपासणीच्या निकालाइतकंच गरजेचं वाटायला लागलं होतं. शिवाय तिला एक जागा नक्की आठवत नव्हती. लांब ओळीच्या शेवटी सूर वर जातो की खाली येतो, यावर ती रोज वेगळं गायची आणि रोज म्हणायची, असंच होतं. तीन मिनिटांची मर्यादा एका दिवसापुरती उठवा, असा निरोप त्याने सावकाशकडून मेकॅनिकला धाडला. मेकॅनिकने कळवलं की त्या यंत्राला आता शिंकही सोसणार नाही, हात लावला तर शनिवारची वाटच बघायला नको. सावकाशने स्वतःच्या डोक्याने एक उपाय केला. तीन मिनिटं व्हायच्या आत फोन उचलून लगेच पुन्हा थांबवलं. धून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. शुक्रवारपर्यंत त्याने हे अनेकदा केलं, समोर दिवे लुकलुकत असताना, आणि दर वेळी म्हणाला, सावकाश, होईल. झालं नाही.

शनिवारी पावणेतीनला त्याने नंबर लावला. एका बाईने त्याला सांगितलं की त्याचा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे आणि तो रांगेत सहावा आहे. थोड्या वेळाने तो पाचवा झाला. त्याने फोन बंद केला. दाराबाहेर बायको बसलेली होती. ती म्हणाली, ही बाई बरी आहे, पण हिला दम लागत नाही. मग तिने गुणगुणायला सुरुवात केली, पहिल्या भागापासून. श्वासाची जागा आली तेव्हा तिने तो घेतला, नाकातून, घाईचा, मास्कमधूनही ऐकू येण्याइतका. तो तिचा नव्हता, क्लॅरिनेटवाल्याचाच होता, जसाच्या तसा. लांब ओळीत त्याने तिच्याबरोबर शिरून पाहिलं. वादाच्या जागेच्या थोडं अलीकडे त्याचा दम संपला. या वेळी खोकला आला नाही. ती वर गेली. तो म्हणाला, खाली असणार, वर गेलं तर पहिल्या भागाशी जुळत नाही. ती म्हणाली की तुम्ही ऐकलंय का.

सोमवारी थुंकीचा नमुना गेला. निकाल यायला वेळ लागतो असं प्रयोगशाळेतून सांगितलं. आज दुपारी सावकाशचा फोन आला होता. जुनं एक्स्चेंज भांडारात नेऊन ठेवलंय, वायर कापलेल्या अवस्थेत, आणि सावकाशच्या आग्रहावरून मेकॅनिकने ते उघडून बघितलं. आत एक छोटं टेपयंत्र आहे आणि टेप त्यातच आहे. ती वाजते का, हे अजून कुणी पाहिलेलं नाही.